‘पुढे चला’ : पुलानंतरचं गाणं लिहितेय, अडकलेय. मदत हवी

परळची_पोर

नमस्कार मंडळी. हा धागा संगीत विभागात टाकावा की लेखनात, कळेना. संपादकांनी हवा तिकडे हलवावा.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, त्यात मी होते. २३ माणसं गेली. मी वाचले, बरगड्या सोडल्या तर धड वाचले. त्या सकाळीबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, आणि कृपया कोणी विचारूही नका.

आम्ही काही मैत्रिणी आणि दोन-तीन मित्र महिन्यातून एकदा एका चाळीच्या गच्चीवर जमतो आणि आपापली गाणी म्हणतो. तबला, एक हार्मोनियम, कधी डफ. माझी गाणी बरी जमतात असं लोक म्हणतात; घरमालक, सासूबाईंचा मोबाईल, शेवटची लोकल असले विषय. पुलावर कधी लिहिलं नव्हतं. आता लिहायला घेतलं तर हे असं होतंय :

*पाऊस होता, पूल भरला, माणसावरती माणूस पडला,*
*किंकाळ्यांनी आभाळ फाटले, मुंबई माझी रडली रे…*

म्हणून दाखवलं की सगळे गप्प होतात, एखादी डोळे पुसते, आणि मला मात्र आपण काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटतं. कारण मला जे छळतं ते त्या दिवसाचं नाहीच. ते नंतरचं आहे. जिना टाळण्यासाठी घेतलेले वळसे. ऑफिसात ‘ताप आहे’ म्हणून मारलेल्या दांड्या. दुसऱ्या दिवशी दसरा होता, तेव्हापासून घरात झेंडूचं तोरण मी ओवत नाही. या असल्या गोष्टींचं गाणं होतं का? की ते रडगाणं होतं?

---

कोरस

‘मुंबई माझी रडली रे’ काढून टाका, आधी. मुंबई रडत नाही, ती पुढच्या गाडीची वाट बघते. बाकी नंतर सविस्तर लिहितो.

---

शिवडीचा_डफ

ताई, प्रश्न चांगला आहे. मी शाहिरी घराण्यातला नाही, पण कलापथकांत बरीच वर्षं मागे उभा राहून झील (शाहिराच्या मागून म्हणायचं पालुपद) धरली आहे, त्या भांडवलावर बोलतो.

तुमच्या चार ओळी बातमी आहेत. बातमी लोकांना आधीच ठाऊक आहे, म्हणून ते लगेच रडतात. ठाऊक नसलेलं सांगितलं तर आधी गोंधळतील, मग ऐकतील. अण्णाभाऊंनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ ही छक्कड (लावणीच्या बाजाचं गाणं) लिहिली, तिची सुरुवात कुठल्या घोषणेने होत नाही. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाने होते. मुंबईत पोटासाठी आलेल्या प्रत्येकाला तो विरह माहीत होता. बेळगाव, कारवार, डांग हे सगळं त्यातून पुढे येतं. आधी मैना, मग सीमाप्रश्न. तुमची मैना ते तोरण आहे. पूल मागून येऊ दे, किंवा नाही आला तरी चालेल.

---

निळी_छत्री

तोरण. +१००

---

माहीमकर_काका

मी ११ जुलै २००६ चा. सात स्फोट, अकरा मिनिटं, सगळे पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत. मी शेजारच्या डब्यात होतो. उजवा कान अर्धा गेला, आणि जो उरलाय त्यात अखंड एक सूर वाजत असतो. झोपेतसुद्धा. मी पेटी वाजवतो, त्यामुळे तो सूर कोणता हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्या पट्टीत मी काहीही गात नाही. हा माझा एकमेव रियाज समजा.

पोरी, मला रडगाण्याची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती शेवटच्या अंतऱ्याची. आपल्याकडे अशा गाण्याला शेवटी उभारी द्यावीच लागते असा कुठला नियम झालाय कोण जाणे. ‘पुन्हा उभी राहिली’, ‘थांबली नाही’, ते सगळं. दुसऱ्या दिवशी मुंबई कामाला गेली म्हणून केवढं कौतुक झालं. अहो, भाडं होतं, हप्ता होता, म्हणून गेली! मी गेलो नव्हतो, तर मी काय मुंबई नव्हे?

दुसरं. मी एकदा शेवटच्या अंतऱ्यात न्याय झाल्याचं लिहिलं होतं, कारण तेव्हा खटल्याचा निकाल लागून शिक्षा झाल्या होत्या. २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मी तो अंतरा खोडला. आपल्या गाण्याचा शेवट कोर्टाच्या तारखेवर टांगू नये. दर जुलैत मला जे फोन येतात (‘काका, तुम्ही तिथे होतात ना?’) त्यांच्यावर मात्र एक गाणं केलंय. ते विनोदी आहे. भजनी मंडळात गाडीत म्हणतो, लोक टाळ्या पिटतात.

---

परळची_पोर

काका, ते विनोदी गाणं इथे टाका ना!

---

माहीमकर_काका

नाही. त्यात माझ्या साडूचं नाव आहे, आणि तो इथे वाचतो.

---

ओपीडीतली_बाई

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे सल्ला देणार नाही, पण काही माहिती उपयोगी पडेल म्हणून.

आघातावर लिहिण्याबद्दल सगळ्यांत जास्त उद्धृत होतो तो जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग. विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, दर वेळी पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रसंगाबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर यावर ढीगभर अभ्यास झाले, आणि एकत्र पाहता परिणाम आहे, पण लहान आहे. लोक नेमकं हे शेवटचं वाक्य गाळतात.

आणि तो प्रयोग कागदावरचा होता, कोणाला वाचून न दाखवता. रंगमंचावर गाणं ही वेगळी गोष्ट आहे. आमच्याकडे उपचारात माणूस तीच आठवण पुन्हापुन्हा सांगतो हे खरं, पण ते ठरवून, टप्प्याटप्प्याने, आणि समोर बसलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं. गच्चीवरचे श्रोते ‘वन्स मोअर’ म्हणतात. या दोन शब्दांनी मला धडकी भरते, खरं सांगते.

तेव्हा परळताई, गाणं लिहा, पण त्याच्यावर औषधाचं काम टाकू नका. जिने टाळावे लागताहेत, रजा पडताहेत, तर त्याच्यावर चांगले उपचार आहेत, आठ वर्षांनीही लागू पडतात.

---

शिवडीचा_डफ

ओपीडीताईंना दुजोरा, आणि हे लिहिताना हात जड होतोय. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. विलास घोगरे हे त्याच मुलुंड-घाटकोपर पट्ट्यातले लोकशाहीर, आवाज असा की माईक लागत नसे. त्या गोळीबारानंतर काही दिवसांतच त्यांनी आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची सुरुवात तिथूनच होते. ज्याच्याकडे गाणं होतं, श्रोते होते, विचार होता, त्याचं असं झालं. गाण्यात सगळं बसतं असं मला तेव्हापासून कोणी सांगितलं की मी उठून जातो.

---

ओपीडीतली_बाई

हे लिहिलंत ते बरं केलंत. वाचणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता जड जात असेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. रात्रीही लागतो.

---

आजोबा_१९४८

आठ वर्षं म्हणजे फार झाली. आमच्या पिढीने काय काय पाहिलं, कोणी गाणी नाही लिहीत बसलं. मन घट्ट करायचं आणि पुढे चालायचं. उगाच उकरून काय मिळतं?

---

कोरस

आजोबा, तुमच्या पिढीने गाणी लिहिली नाहीत? मग आम्ही लहानपणापासून ऐकतोय ती कोणाची?

---

परळची_पोर

थांबा, आजोबांना ओरडू नका. त्यांनी मला पालुपद दिलंय.

‘पुढे चला.’ पुलावर मागून हेच ओरडत होते. बसमध्ये कंडक्टर हेच म्हणतो. घरचे हेच म्हणतात, ऑफिसातले हेच म्हणतात, आता आजोबाही. हे मी कधी लिहिलंच नव्हतं कारण ते इतकं रोजचं आहे. आता झोप येणार नाही.

---

निळी_छत्री

अंगावर काटा आला.

---

तीन_ताल_नको

तबलजी आहे, उडी मारतो. हे रूपक तालात करा.

रूपक सात मात्रांचा : ती ती ना । धी ना । धी ना. बाकी तालांत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ही भरलेली, ठोस जागा. रूपकात समेवरच खाली आहे. जिथे थाप यायला हवी तिथे बायाँ (डाव्या हाताचा, घुमणारा) बोलतच नाही. नवशिक्या गायकाचा पाय तिथे हमखास घसरतो, कारण शरीर ठोक्याची वाट बघत असतं.

आता गंमत बघा. ‘पु-ढे-च-ला’ : एक, दोन, एक, दोन. सहा मात्रा. आवर्तन सातचं. म्हणजे एक मात्रा उरते. ती पहिली ठेवा. समेवर कोणी काही म्हणायचं नाही. दुसरीवर ‘पु’, तिसरीपासून ‘ढे’, पाचवीवर ‘च’, सहावीवर ‘ला’. ‘ला’ बरोब्बर दुसऱ्या टाळीच्या ‘धी’वर आपटतो. मागून ढकलल्यासारखा. शब्दात काहीही वर्णन न करता ढकलणं ऐकू येईल.

लय मध्यम ठेवा. द्रुत केलंत तर नाच होईल, विलंबित केलंत तर सगळे पुन्हा रडायला लागतील.

---

माहीमकर_काका

वा! पेटीवर करून बघितलं. तबलजीबुवा, तुमच्या पाया पडायचं राहिलं.

---

शिवडीचा_डफ

आणि हे पालुपद तुम्ही म्हणायचंच नाही, ताई. झिलकऱ्यांनी म्हणायचं! शाहिरी फडात मुख्य शाहीर कवन म्हणतो आणि मागचे झील धरतात. सहसा झील शाहिराला उचलून धरते. इथे उलटं करा. तुम्ही अंतरा म्हणत राहा, मागचे तिघं-चौघं तुमची ओळ पुरी व्हायच्या आत ‘पुढे चला’ म्हणून घुसू देत. तुम्हाला श्वास पुरा घेऊ देऊ नका… अर्थात गाण्यापुरतं. तुम्हाला ते चालत असेल तरच. आधी दार उघडं ठेवून तालीम करा.

---

मोरीतली_ओवी

बरेच दिवस वाचते आहे, लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्यावर जे झालं ते पुलावर नाही झालं, घरात झालं, बरीच वर्षं चाललं. त्याला तारीख नाही. बातमी नाही, स्मारक नाही, दरवर्षी मेणबत्त्या नाहीत. तुम्हा सगळ्यांबद्दल आदर ठेवून सांगते, इथली चर्चा वाचताना मला थोडा हेवा वाटला. तुम्ही ‘११ जुलै’ म्हणता आणि सगळ्यांना कळतं.

मला लिहायला बळ आलं ते जात्यावरच्या ओव्यांनी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. त्यांत सासुरवास आहे, मार आहे, नको असलेलं लग्न आहे. आणि त्या कोणाला ऐकवायला नव्हत्याच. पहाटे, दार लोटलेलं, जात्याची घरघर एवढी की पलीकडच्या खोलीत शब्द कळू नयेत. बाई जात्याशी बोलायची, फार तर समोर खुंटा धरलेल्या दुसरीशी. माझ्याकडे जातं नाही. मी मोरीत नळ सोडून म्हणायचे. ही माझी, जुनी नाही :

*सांगाया गेले बाई, बोल दातांत अडला*
*जात्यानं गिळला दाणा, पीठ होऊन पडला*

तेव्हा परळताई, वन्स मोअरचा प्रश्न तुमच्या गाण्याला पडेल, पण प्रत्येक गाणं गच्चीवर न्यायलाच हवं असं कुठे आहे?

---

परळची_पोर

ओवीताई, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला, नवऱ्याला. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही, मग त्याने चहा टाकला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एक ओळ आहे. ती मी प्रत्येक मसुद्यात लिहिते आणि खोडते. मी कुठे उभी होते, कशावर उभी होते, त्याबद्दलची. त्या ओळीशिवाय गाणं खोटं वाटतं, आणि ती ओळ मी कोणाच्याही तोंडावर म्हणू शकत नाही.

---

शिवडीचा_डफ

ती ओळ यायला हवी. माफ करा, पण तिच्याशिवाय बाकीचं सगळं तोरण म्हणजे सजावट. ऐकणाऱ्याला कळतं, कुठेतरी हात राखून गायलंय ते.

---

मोरीतली_ओवी

डफदादा, नाही. तुमच्या झिलेची कल्पना सुरेख आहे, पण हे नाही. बाई सगळं काढून ठेवील तरच तिचं खरं, हे ऐकून ऐकून आमचे कान किटले. पोलीस चौकीत तेच, नातेवाइकांत तेच, आता गाण्यातही तेच का?

---

शिवडीचा_डफ

तुलना बरोबर नाही. मी पुरावा मागत नाही, कवितेची गरज सांगतोय.

---

मोरीतली_ओवी

कवितेची गरज तुम्ही ठरवली.

---

ओपीडीतली_बाई

दोघांच्या मध्ये पडते. अशी ओळ पहिल्यांदा म्हणायची जागा गच्ची नसावी, एवढंच माझं मत. एका माणसासमोर आधी. माझ्यासारख्या, किंवा तुम्ही निवडाल त्या. त्यानंतर ती गाण्यात आली काय, न आली काय, तो तुमचा आणि कवितेचा मामला. आणि एक : गच्चीवर त्या दिवशी अजून कोणीतरी बसलेलं असेल ज्याचं काहीतरी झालेलं आहे. तुम्हाला ठाऊक नसेल. गाण्याआधी विषय एका वाक्यात सांगा, म्हणजे कोणाला खाली जाऊन यायचं असेल तर जाता येईल.

---

तीन_ताल_नको

वन्स मोअरवर तोडगा आहे हो, साधा. गाणं शेवटी ठेवायचं नाही, मध्ये ठेवायचं, आणि तबल्याने लय न तोडता पुढच्या गाण्यात शिरायचं. टाळीला जागाच द्यायची नाही. आम्ही कंटाळवाण्या गायकांसाठी हे नेहमी करतो, चांगल्या कामाला एकदा वापरू.

---

परळची_पोर

मंडळी, मसुदा. चाल काकांनी फोनवर पेटी लावून सुचवली (काका, फोनमध्ये तुमचा कान कसा चालतो कोण जाणे). बाकी सगळं तुमचंच.

*दसरा येतो, झेंडू येतो,*
*तोरण ओवत नाही मी.*
*जाऊ विचारते, सुतक का ग?*
(झील) *पुढे चला, पुढे चला*

*जिना दिसला की टॅक्सी करते,*
*महिन्याचा पगार टॅक्सीला.*
*साहेब म्हणतात, घरून लवकर निघा,*
(झील) *पुढे चला, पुढे चला*

*पावसात कोणी खेटून उभं,*
*माफ करा, मी उतरते.*
*उतरते भलत्याच स्टेशनला,*
(झील) *पुढे चला, पुढे चला*

*अहो थांबा, थांबा जरा,*
*चप्पल राहिली कोणाची…*
(झील) *पुढे चला, पुढे चला*

ती ओळ वहीत आहे. गाण्यात नाही, इथेही टाकणार नाही. डफदादा, तुम्हाला हात राखल्यासारखं वाटलं तर वाटू दे. ओपीडीताई, तुम्ही व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) दिलेल्या उपचारांच्या यादीतून एक वेळ ठरवली आहे.

---

शिवडीचा_डफ

चौथा अंतरा वाचला. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण चप्पल वाचून गप्प बसलो.

---

कोरस

शेवटची झील एकदा तिने स्वतः म्हटली तर? म्हणजे अर्थ पालटेल, तीच आता स्वतःला पुढे चल म्हणतेय असा?

---

माहीमकर_काका

कोरस, तो आला बघ शेवटचा अंतरा. मागच्या दाराने. हाकल त्याला.

---

कोरस

हाकलला.

---

आजोबा_१९४८

मी वर जे लिहिलं ते तसंच राहू द्या. तोरणाचं मात्र माझ्या धाकट्या बहिणीचं असंच होतं. तिचं दिवाळीतलं उटणं होतं, एकोणीसशे साठच्या आसपास. कारण आम्ही कधी विचारलं नाही. ती गेली. झील धरायला एखादा म्हातारा आवाज लागत असेल तर मी विक्रोळीला असतो.

---

परळची_पोर

आजोबा, लागतो. गच्ची चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, मीही जिना थांबत थांबतच चढते, तेव्हा आपण दोघं बरोबर चढू. तबलजी, तुमचा तबला काळी चारला (पेटीच्या त्या पट्टीला) लावू नका, तो काकांच्या कानातला सूर आहे. पांढरी पाच चालेल का, माझा आवाज तिथे बसतो?

---

तीन_ताल_नको

पांढरी पाच चालेल. छोट्या तोंडाचा तबला आणतो. कोणीतरी हातोडी आणा, माझी पुण्यात राहिलीय.